इंग्लंडची जुनी गावं, सहा दिवस आणि सोबत आई-बाबा

तुमचा बेत दोनदा वाचला. पुण्याहून सहा जण: तुम्ही दोघं, अकरा आणि सात वर्षांची मुलं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. लंडन झालं की मेच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस भाड्याची गाडी घेऊन जुनी गावं आणि खेडी बघायची. पहिल्या दिवशी विंडसर, स्टोनहेंज, बाथ. दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्ड, कॉट्सवोल्ड्स, स्ट्रॅटफर्ड. मग यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट आणि येताना केंब्रिज. वर विचारलंय, "हे जमेल ना?"

गाडी चालवणाऱ्याला जमेल. बाकीच्या पाच जणांना सहा दिवस मोटरवे दिसेल.

मी रेडिंगला राहतो आणि गेली सतरा-अठरा वर्षं आपल्याकडच्या कुटुंबांना या भागात फिरवतोय. सुरुवातीला मीही असेच बेत आखायचो, कारण लोक यादी घेऊन येतात आणि यादीतलं नाव खोडायला कुणाचा हात धजत नाही. आता मी पहिल्याच फोनवर खोडतो. यॉर्क सुंदर आहे, पण लंडनपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे. लेक डिस्ट्रिक्ट त्याहून लांब, आणि तिथे जायचं तर तिथेच चार दिवस हवेत. ही दोन्ही काढा. केंब्रिज उलट्या दिशेला पडतं. रँग्लर परांजपे १८९९ साली तिथे गणितात पहिले आले होते, त्यामुळे बाबांना हळहळ वाटेल, पण लंडनमध्ये असतानाच एक दिवस रेल्वेने जाऊन या.

उरलेल्या सहा दिवसांत फक्त दोन ठिकाणी मुक्काम करा. तीन रात्री बाथमध्ये किंवा बाथजवळ, दोन रात्री कॉट्सवोल्ड्समध्ये, शक्यतो मोर्टन-इन-मार्शला, कारण तिथे रेल्वे स्टेशन आहे. रोज सकाळी सहा माणसांच्या बॅगा भरून खोली सोडायची म्हणजे दीड तास जातो. हा दीड तास कोणत्याच बेतात धरलेला नसतो.

तारखा पक्क्या व्हायच्या आत एक बघा. मेचा शेवटचा सोमवार ही इथली बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आणि त्या आठवड्यात बहुतेक शाळांना सुट्टी असते. मग अख्खं इंग्लंड पोराबाळांसह याच गावांत उतरतं, आणि खोल्यांचे दरही चढतात. तुमच्या मुलांची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे जूनचा पहिला आठवडा तुम्हाला मोकळा आहे. तो धरा. उजेड रात्री सव्वानऊपर्यंत असतो.

आता गाडी. सेव्हन सीटर बुक करू नका. सातही सीट वर केल्या की मागे जेमतेम दोन पिशव्या राहतात, आणि विमानतळावर सहा सुटकेसांसमोर उभं राहून हा शोध लागतो. आठ किंवा नऊ सीटची घ्या. आपल्या साध्या कारच्या लायसन्सवर ड्रायव्हर सोडून आठ माणसांपर्यंतची गाडी इथे बारा महिने चालवता येते, मात्र भाड्याने देणाऱ्या कंपनीची वयाची आणि अनुभवाची अट आधी वाचून घ्या. मुलांसाठी सीट मागवायची: बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा १३५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत, जे आधी होईल तोवर ती सक्तीची आहे. धाकट्याला नक्की लागेल, थोरल्याची उंची मोजा. आणि गाडी मध्य लंडनमधून घेऊ नका, हीथ्रोवरून घ्या. मध्य लंडनमध्ये गाडी आणण्याचं शुल्क, म्हणजे कंजेशन चार्ज, आणि लंडनची गर्दी दोन्ही वाचेल.

इथेही आपण डाव्याच बाजूने चालवतो, त्यामुळे पुणेकराला अर्धं काम सोपं. अवघड जातो तो राउंडअबाउट, म्हणजे मधे गोल बेट असलेला चौक. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि इथे ते खरोखर पाळतात. तुम्ही नाक घुसवलंत तर समोरचा ब्रेक मारेल, पण त्याचा चेहरा बघवणार नाही. वेगाचे आकडे मैलांत असतात. साध्या दुपदरी रस्त्याला ६० मैलांची मर्यादा असली तरी खेड्यातल्या रस्त्यावर त्या वेगाने जायचं नसतं. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडपांच्या भिंती, मधे एका गाडीपुरती वाट. पहिल्या वर्षी नॅव्हिगेशनवर विसंबून मी आठ जणांना अशा एका गल्लीत घातलं. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या मागे गवताची गाडी. मागे-पुढे बघत तीनशे मीटर रिव्हर्स घेतला, आणि मागच्या सीटवरून एक काका मला डावीकडे-उजवीकडे सांगत होते तेही दोनदा चुकीचं. तेव्हापासून नकाशात रस्त्याचं नाव ए अक्षराने सुरू होत असेल तरच त्यावर जातो, मग दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

पहिल्या दिवशी हीथ्रोहून थेट सॉल्सबरी गाठा, दीड-पावणेदोन तास. लोक स्टोनहेंजच्या नादात हे गाव वगळतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. इथल्या कॅथेड्रलचा मनोरा १२३ मीटर उंच आहे, ब्रिटनमध्ये सगळ्यांत उंच. मुख्य इमारत १२२० ते १२५८ अशी अडतीस वर्षांत उभी राहिली, म्हणजे देवगिरीवर यादव होते त्या काळात. पाया मात्र जेमतेम सव्वा मीटर खोल, तोही रेतीखड्यांच्या थरावर. मनोरा नंतर चढवला. त्याचं ओझं चारही मुख्य खांबांवर आलं आणि ते वाकले. आई-बाबांना मधल्या चौकात उभं करा, पाठ खांबाला लावून वर बघायला सांगा. खांबाचा बाक साध्या डोळ्यांनी दिसतो. मुलांना चर्च बघून कंटाळा येतो, या खांबांचा कधी येत नाही.

तिथेच बाजूला लोखंडी सळ्या आणि चाकांचा एक सांगाडा आहे. ते १३८६ च्या सुमाराचं घड्याळ. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. तासाला घंटा वाजवायची एवढंच त्याचं काम. सात वर्षांच्या मुलाला विचारा, "यात किती वाजले ते कसं कळायचं?" आणि गंमत बघा. चॅप्टर हाउस या सभेच्या दालनात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, मूळ प्रत आहे, जगात उरलेल्या चारांपैकी एक. एका चामड्यावर इतकं बारीक लॅटिन की वाचता न येणाऱ्यालाही लिहिणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी वाटावी. जेवण आवारातल्याच उपाहारगृहात करा. छत काचेचं आहे, मान वर केली की मनोरा दिसतो.

दुपारी स्टोनहेंज, पंधरा किलोमीटरवर. तिकीट वेळेसकट आधी काढून ठेवा. गाडी लावायची जागा आणि दगड यांत दोनेक किलोमीटर अंतर आहे, मधे बस नेते. दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरून फेरी मारायची. "एवढंच?" असं कुणीतरी म्हणतंच. त्याला सांगा, मोठे दगड सरासरी वीस-पंचवीस टनांचे आहेत, धाकटे निळसर दगड वेल्समधून सव्वादोनशे किलोमीटरवरून आणले, आणि मधला आडवा पडलेला दगड स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला असल्याचं २०२४ साली संशोधकांनी दाखवून दिलं. चाकाची गाडी नसलेल्या काळात. तासभर पुरे. तिथून तासाभरात बाथ.

बाथला गाडी हॉटेलवर किंवा पार्क अँड राइडला (गावाबाहेर गाडी लावून बसने आत जायची सोय) सोडा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघू नका. रोमन बाथ्स सकाळी उघडतानाच गाठा, दहानंतर बसच्या बस येतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्या आईंना गरम पाण्याचं कौतुक नसेल, पण मांडणी बघण्यासारखी आहे. झऱ्यातून ४६ अंशांचं पाणी रोज दहा लाख लिटरच्या वर येतं. रोमनांनी अंथरलेला शिशाचा तळ अजून तसाच आहे. पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे. तेव्हा वर छप्पर होतं, ऊन पडायचं नाही, म्हणून शेवाळ नव्हतं.

आतल्या संग्रहालयात मी सगळ्यांना एका कपाटापाशी थांबवतो. शिशाच्या पातळ पत्र्यांचे तुकडे आहेत, असे सव्वाशेच्या वर सापडले. लोकांनी त्यावर खरवडून सुलिस मिनर्व्हा या देवीला लिहिलंय: माझा टोपीवाला झगा चोरीला गेला, चोरणारा बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा, त्याला झोप लागू देऊ नकोस. आणि पत्रा गुंडाळून झऱ्यात टाकलाय. एकदा मालवणच्या आजी हे ऐकून लगेच म्हणाल्या, "म्हणजे गाऱ्हाणं घातलंय की देवीला!" तेव्हापासून मीही तोच शब्द वापरतो, समजवायला दुसरं काही लागत नाही.

शेवटी ते पाणी प्यायला मिळतं. कोमट, लोखंडाच्या चवीचं. मुलांचे चेहरे फोनमध्ये टिपून ठेवा. या कुंडात उतरता येत नाही. शेजारच्या नव्या स्पामध्ये त्याच झऱ्याचं पाणी आहे, पण सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, म्हणजे तुम्ही दोघांनी आळीपाळीने जायचं. बाथ ॲबीच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिड्यांवरून देवदूत चढताना दिसतील, एक-दोन चक्क डोकं खाली करून उतरतायत. रॉयल क्रेसेंट म्हणजे १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली तीस घरांची अर्धगोल चाळ. चाळ म्हणतोय म्हणून हसू नका, एका भिंतीला भिंत लावून घरं बांधायची कल्पना तीच, भाडेकरू तेवढे वेगळे. तिथपर्यंत चढ आहे. आई-बाबांना टॅक्सीने वर नेऊन उतारावर चालवत आणा.

बाथच्या तिसऱ्या दिवशी लॅकॉक, वीस किलोमीटरवर. गाव जवळजवळ सगळं जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचं आहे, त्यामुळे जुनं तसंच राहिलंय. बाबांना फोटोग्राफीची आवड आहे म्हणालात. इथल्या ॲबीतल्या, म्हणजे जुन्या मठातल्या, एका छोट्या खिडकीचं चित्र फॉक्स टॅल्बटने १८३५ साली कागदाच्या निगेटिव्हवर उतरवलं. निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढायची वाट तिथून पुढे निघाली. ती खिडकी आहे तिथेच आहे, बाबांना तिच्यासमोर उभं करून फोटो काढा. किंवा लॅकॉक सोडून ब्रिस्टलला जा, रेल्वेने पंधरा मिनिटं. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये तिथेच वारले. आर्नोस व्हेल दफनभूमीत त्यांची छत्री आहे, द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली. इंग्लंडच्या झाडीत ती बंगाली छत्री अचानक समोर येते तेव्हा ज्येष्ठ मंडळी नेहमी गप्प होतात.

चौथ्या दिवशी उत्तरेकडे, कॉट्सवोल्ड्समध्ये. हे एका गावाचं नाव नव्हे, सहा परगण्यांत पसरलेला टेकड्यांचा पट्टा आहे. घरं मधाच्या रंगाची, कारण जमिनीखाली निघतो तोच चुनखडीचा दगड, आणि पैसा मेंढ्यांचा. मध्ययुगात इथल्या लोकरीवर एवढे पैसे झाले की हजार-पाचशे वस्तीच्या गावांनी मोठ्या शहराला शोभतील अशी चर्चेस बांधली. गावांच्या नावात 'चिपिंग' दिसेल, चिपिंग कॅम्डन, चिपिंग नॉर्टन. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाजार, म्हणजे आपली पेठ. चिपिंग कॅम्डनला १६२७ चा बाजाराचा ओटा अजून उभा आहे, खाली ओबडधोबड फरशी, चारी बाजूंनी कमानी. तिथे बसून सँडविच खा.

वाटेत बर्फर्डला थांबा. मुख्य रस्ता नदीकडे उतरत जातो आणि खाली चर्च आहे. १६४९ मध्ये पार्लमेंटच्या बाजूने राजाशी लढलेल्या सेनापती क्रॉमवेलने आपल्याच सैन्यातले तीनशे चाळीस बंडखोर या चर्चमध्ये कोंडले आणि तिघांना आवारात गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांपैकी एकाने बाप्तिस्म्याच्या दगडी पात्राच्या कडेवर आपलं नाव कोरलं: अँथनी सेडली, १६४९, कैदी. 'प्रिझनर'चं स्पेलिंग चुकलंय. अक्षरं वेडीवाकडी आहेत, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर नीट दिसतात. तेव्हा शिवराय एकोणीस वर्षांचे होते. थोरल्याला एवढं सांगितलं की काळ कुठे बसवायचा ते त्याला कळतं.

बायबरीची आर्लिंग्टन रो, म्हणजे त्या सगळीकडे दिसणाऱ्या फोटोतली विणकरांची घरं, नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर बघा. मधल्या वेळेत फक्त एकमेकांच्या पाठी दिसतात. तिथे माणसं राहतात. आपल्यातलेच काही जण खिडकीला नाक लावून आत बघतात, बागेच्या भिंतीवर बसतात, तेवढं मुलांना आधी बजावा. बोर्टन-ऑन-द-वॉटर धाकट्याला आवडेल: उथळ नदी, बुटके पूल आणि गावाचीच नऊपट लहान दगडी प्रतिकृती, १९३७ पासूनची. गर्दी भरपूर. तिथून लोअर स्लॉटरपर्यंत शेतातून दीडेक किलोमीटरची सपाट पायवाट आहे, ती चालाच. 'स्लॉटर'चा कत्तलीशी काही संबंध नाही, चिखलाची जागा असा जुना अर्थ आहे. या पायवाटांवरून जायचा कायद्याने सगळ्यांना हक्क आहे, मग वाट कुणाच्या शेतातून का जाईना. फक्त फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, आणि वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहायचं. इथल्या गाई आपल्या गल्लीतल्या गाईंसारख्या माणसाळलेल्या नसतात.

मोर्टनजवळ सेझिनकोट नावाचं घर आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने १८०५ च्या सुमाराला बांधलं: मेंढ्यांच्या कुरणात मुघल थाटाचा तांब्याचा घुमट, हिरवा पडलेला. आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं, बघून जा. आई म्हणतील, "हे आपल्याकडे पाहिलंय." बरोबरच आहे, पैसाही आपल्याकडचाच.

पाचव्या दिवशी मोर्टनहून रेल्वेने ऑक्सफर्ड, चाळीस मिनिटांच्या आत. गाडी अजिबात नेऊ नका, शहरातल्या रस्त्यांचे नियम आणि शुल्कं बाहेरच्याला समजेपर्यंत दंडाचं पत्र येतं. जूनमध्ये परीक्षा चालू असतात. काळे झगे घातलेले विद्यार्थी दिसतील, छातीवर फूल: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. मुलांना रंग ओळखायला लावा, लाल फूलवाले कसे चालतात तेही बघायला सांगा. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी हत्ती आहे. समरव्हिल कॉलेज लांब नाही. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तिथे आल्या, १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी मात्र विद्यापीठ बायकांना पदव्या देऊ लागल्यावर, तीसेक वर्षांनी मिळाली. हे थोरल्याला बाहेर उभं राहून सांगा, आत जायला मिळालं नाही तरी चालेल.

स्ट्रॅटफर्डला सहाव्या दिवशी सकाळी जाता येईल. शेक्सपिअरचं जन्मघर आणि चर्चमधली कबर, दोन तास पुरेत. दमला असाल तर वगळा आणि मोर्टनला उशिरा उठा. संध्याकाळच्या विमानासाठी हीथ्रोला दोन तास धरा, अर्धा तास वर ठेवा.

जेवणाचं विचारलंत. पबचं स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी दुपारी अडीचला बंद होतं. आपण तीनला जेवायला जातो आणि चिप्सची पाकिटं खाऊन येतो. एकला जेवा. आई-बाबा शाकाहारी आहेत, तर दोन गोष्टी विचारून घ्या: चिप्स कशात तळलेत, कारण काही दुकानांत गाईची चरबी वापरतात, आणि चीज शाकाहारी आहे का. भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स हे कुठेही मिळतं. खोलीत किटली असते, उपम्याची पाकिटं चालतील. मात्र पेढे, बर्फी, तूप आणू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चकली, लाडूत तूप नसेल तर लाडू, बाकरवडी खुशाल आणा. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

राहिला आईंच्या साडीचा प्रश्न. साडी नेसूनच येऊ द्या. आत थर्मल लेगिंग, पायात रबरी तळव्याचे बूट, पदर जॅकेटच्या आत खोचलेला. स्टोनहेंजला वारा असतो, तिथे दोन सेफ्टी पिना जास्त लावा. पायवाटांवर मधूनमधून कुंपणाला लाकडी पायऱ्या असतात, त्या चढून पलीकडे उतरायचं असतं. पाचवारीत ते जड जातं, तिथे फाटकाची वाट शोधा. साताऱ्याच्या एक आजी नऊवारीत आल्या होत्या. त्या कुंपणावरून पलीकडे उतरल्या तेव्हा जीन्समधला नातू अजून अलीकडेच पाय कुठे ठेवायचा ते बघत होता.